चेंडू नसतो तिथे

भाऊ विचारतो, मास्टर्स करून शेवटी पाणीच देणार ना?
खरं आहे. पाणीही देते.
तीस लिटरची दोन पिंपं, पहाटे साडेपाचला.
रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये नळाखाली हात धरला
की बोटं आपली राहत नाहीत.

कर्जाच्या कागदावर सही घेताना बँकेतला माणूस म्हणाला,
अ‍ॅथलेटिक ट्रेनर? अरे वा, मलाही पोट कमी करायचंय.
मी सही केली. आकडा मोठा होता,
समजावत बसायला वेळ नव्हता.

लोर्नानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली:
चेंडू बघू नकोस.
चेंडू बघायला आठशे माणसं तिकीट काढून बसलीत.
तू चेंडू जिथून गेला तिथे बघ,
कोण उठताना कुठला हात टेकतो,
कोण उठून भलत्याच बाजूला चालू लागतो.

तेव्हापासून मी एकही टचडाउन पाहिलेला नाही.
घोटे पाहिले.
टाचेला अडकवून, वर घेऊन, पुन्हा तळव्याखालून
पांढरी पट्टी, घोट्याला दीड मिनिट;
सुरकुती राहिली तर रात्री फोड, आणि सकाळी माझं नाव.

बीट उपटायचा हंगाम. ट्रक रात्रभर धावतात,
वळणावर दोनचार बीट रस्त्यावर सांडतात,
कुणी थांबून उचलत नाही.
त्या शुक्रवारी ब्रेकन स्टेनरूड, चोपन्न नंबर,
असाच सांडला आणि स्वतःच उठला.
टाळ्या पडल्या.
तो समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाला होता.

पाच शब्द देते, लक्षात ठेव:
कात्री, लोणी, पूल, मेणबत्ती, घोडा.
आता महिने उलटे म्हण.
डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट.
सप्टेंबर गेला कुठे, ब्रेकन?
तो हसला. सप्टेंबर झाला ना आता, म्हणाला.
शब्द?
कात्री. लोणी. घोडा. लोणी.

कोच ऑडेगार्ड म्हणाले, मुलगा हसतोय, बोलतोय.
तीन गुणांनी मागे, चार मिनिटं बाकी.
लोर्ना त्या वेळी पलीकडच्या टोकाला
कुणाचा तरी खांदा जागेवर धरून बसलेली.
मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही.
त्याचं हेल्मेट उचललं,
बर्फाच्या पेटीत तळाशी घातलं, झाकण लावलं
आणि झाकणावर बसले.

चार मिनिटं.
एवढी थंडी मी तलाव गोठल्यावरही अनुभवली नव्हती.
मागून कुणीतरी ओरडलं, उठवा रे तिला.
पूर्ण गाव चेंडू बघत होतं, आणि थोडं थोडं मला.

आम्ही तीन गुणांनीच हरलो.
त्याचा बाप चिखलाच्या बुटांनी आला, ट्रक चालूच ठेवून.
काही बोलला नाही. कागद घेतला,
दर दोन तासांनी काय बघायचं ते दोनदा वाचलं,
आणि विचारलं, झोपू द्यायचं का त्याला?
आवाज अगदी लहान होता.

परीक्षा फेब्रुवारीत झाली.
प्रश्न आलाच: खेळाडू गोंधळलेला, प्रशिक्षक आग्रही,
आपण काय कराल?
चार पर्याय होते. झाकण कुठेच नव्हतं.
मी क निवडला.

पगाराचं पत्र आलंय, दोन तासांवरच्या एका शाळेचं.
भावाला आकडा सांगितला नाही.

एप्रिलमध्ये ब्रेकन थाळीफेकीच्या जाळ्यापाशी भेटला.
लांबूनच ओरडला, आठवला! राहिलेला शब्द!
चमचा!

त्यात चमचा नव्हताच रे, मी म्हटलं.
तो खांदे उडवून वर्तुळात गेला, फिरला,
थाळी सुटली. सगळ्यांनी वर पाहिलं.
मी त्याची टाच बघत होते.